माझ्या उंबऱ्यावर मासळी नाही

५ मार्च २००१, सोमवार

जगनला खताच्या दुकानातून दोन डायऱ्या मिळाल्या होत्या. जाड पुठ्ठ्याची, आत देवाचा रंगीत फोटो असलेली प्रेमाला. ही पातळ मला, तीही मार्च उजाडल्यावर. "घे गो चंदे, कायतरी लिही," म्हणाला आणि आसनगाव स्टेशनची शिटं भरायला जीप घेऊन निघून गेला.

लिहायचं काय? शहापूरच्या एसटी स्टँडमागे माझा शिवणाचा गाळा आहे. ब्लाउज शिवते, फॉल लावते, मागच्या खोलीत राहते. नवऱ्याने आठ महिन्यांत माहेरी पाठवलं, त्याला बारा वर्षं झाली. समोर काळूरामचं सायकलचं दुकान. काळूराम, जगन, प्रेमा आणि मी, चौघं धसईच्या पलीकडच्या बोरपाड्याची, एका शाळेत शिकलेली. त्यातल्या दोघांनी एकमेकांशी लग्न केलं. जगनने माझ्याशीच केलं असतं असं मी म्हणत नाही. पण त्याला विचार करायला वेळ तरी मिळायला हवा होता. प्रेमाने तो मिळू दिला नाही.

९ मार्च, शुक्रवार

आज होळी. नळाला तीन दिवस पाणी नाही. आमच्या आणि समोरच्या ओळीतल्या गाळ्यांना मंगळू कावडीने विहिरीचं पाणी घालतो. दिवाळीनंतर आला इकडे. ठाकूरवाडीचा, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, माणूस मोजकं बोलणारा. माझा माठ भरून झाला की उंबऱ्यावर टेकतो आणि मी काय सांगते ते ऐकतो. माझं ऐकून घेणारं दुसरं आहे कोण?

आज बोरपाड्याच्या गोष्टी निघाल्या. मी म्हटलं, "ही प्रेमा आज एवढी शहाणी झालीये, पण लहानपणी जगन नि काळूरामबरोबर डोहात मासे मारत फिरायची. तिघांचीच गट्टी. मला कधी पाण्यात उतरू दिलं नाही. वाटेवर बसवायचे."

"कंचा डोह, ताई?"

"झिऱ्याच्या वरचा. तुला काय माहीत असणार."

"नाय," तो म्हणाला. "मी नि बा तवा भट्टीवर व्हतो, कोळशाच्या. त्या साली दुष्काळ व्हता नं?"

मी म्हटलं, व्हता. किती लक्ष देऊन ऐकतो हा!

१३ मार्च, मंगळवार

प्रेमा आली. नवीन ब्लाउजचं माप द्यायला आली होती, जाताना माझा पाणीवाला घेऊन गेली. "चंदा, तुझ्या त्या मंगळूला आमच्याकडे पण सांग ना. आमच्या आळीत टँकर येतच नाही." सांगितलं. नाही कसं म्हणायचं? जगन नेला, त्यात आता मंगळूही. मंगळू मात्र खूश दिसला. लगेच घर कुठे, घरात माणसं किती, विचारून घेतलं.

तिचा ब्लाउज पाठीत अर्धा इंच तंग शिवायचा विचार मनात आला होता. शिवला नाही.

१९ मार्च, सोमवार

सकाळी काळूरामने दुकानाची फळी उघडली, तर उंबऱ्यावर वडाच्या पानांची पुडी. वर आपट्याच्या सालीची दोरी, गाठ मारलेली. आत ओढ्यातली बोटभर मासळी, मेलेली, डोळे पांढरे. तीन. पुडी घेऊन तो माझ्याकडे धावत आला, तोंडाला रंग नव्हता. "चंदे, कुणाला तरी ठावं हाय."

हे कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. एकदाच लिहिते.

१९८१च्या वैशाखात आम्ही बारा-तेरा वर्षांची होतो. गावातली माणसं गेळाची फळं ठेचून डोहात टाकत. मासळीला गुंगी यायची, वर तरंगायची, हाताने उचलायची. गेळं टाकायच्या दिवशी खालच्या वाटेवर, जिथे वाळूत झिरा खणून वाडीच्या बायका पिण्याचं पाणी भरत, तिथे तोडलेली फांदी आडवी ठेवायची रीत होती. फांदी दिसली की कुणी पाणी भरत नसे. आम्हा पोरांना गेळं ठेचायचा कंटाळा. काळूरामने बापाचं शेतावरचं औषध आणलं. तिघं डोहात उतरली. मला खाली पाठवलं, फांदी ठेवायला. संध्याकाळपर्यंत झिऱ्यावर ठाकराची ठकी आणि तिची लहान मुलगी, दोघी गेल्या. पटकी झाली म्हणाले. आम्ही चौघांनी देवळात शपथ घेतली, बोलायचं नाही.

फांदी ठेवली होती. हे मी तेव्हाच तिघांना सांगितलंय. तरी ती बाई प्यायली, त्याला कोण काय करणार?

२४ मार्च, शनिवार

प्रेमाच्या उंबऱ्यावरही पुडी. जगनने जीप बंद ठेवली, दोन दिवस घरी बसून आहे. तिला एकटीला बाहेर सोडत नाही. बाजारात पिशवी तो धरतो, ती पुढे चालते. भूमिकाला, त्यांच्या मुलीला, मामाकडे मुरबाडला पाठवून दिलं.

मी रोज सकाळी आधी उंबरा बघते. काही नाही. केराची पानं फक्त.

२ एप्रिल, सोमवार

काळूराम गेला. दुपारी डबा खाल्ला, पाणी प्यायला, ट्यूबला पंक्चर लावता लावता आडवा झाला. तोंडाला फेस. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत संपला. लोक म्हणतात, औषध घेतलं असणार, बायकोशी पटत नव्हतं. बायको छाती बडवत सांगत होती, सकाळी हसत गेला हो घरातून.

मीही रडले. चांगला होता. त्या एकट्यानेच मला कधी वाटेवरची म्हणून चिडवलं नाही.

मंगळू आज समोरूनच परत गेला, माझ्याकडे आला नाही. माठ कोरडा पडलाय.

५ एप्रिल, गुरुवार

जगन आला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाळ्यात नीट बसला. डोळे खोल गेलेत. "त्या ठकीचं कुणीतरी हाय. पोलिसात जावं तर आपलंच आधी निघंल. तुला आली का गो पुडी?"

मी नाही म्हटलं. तेव्हा त्याने काय केलं? सुटल्यासारखा श्वास सोडला आणि उठला. "बरं झालं. तू नाय त्यात. चल, प्रेमा एकटी हाय घरी."

तू नाय त्यात! मासे मारताना मी नव्हते, लग्नात नव्हते, आता मरायच्या यादीतही मी नाही. ज्याने कुणी हे मांडलंय त्यालाही मी दिसले नाही. पोटात नुसती आग पडलीय. आणि आग कशाची, तर मला कुणी मारायला येत नाही याची. हे वाचून कुणी मला वेड्यात काढेल. काढू दे.

७ एप्रिल, शनिवार

केलं. बाजारात गेले, सगळ्यात बारीक मासळी बघून चार घेतल्या. ओढे आटलेत, ओढ्यातली आणायची कुठून? वर राख फासली, वडाच्या पानांत गुंडाळली, सुतळीने बांधली. अकरा वाजता जगनची जीप स्टँडवर लागते. तेव्हा ओरडले.

धावत आला. माझा दंड धरला. म्हणाला, "भिऊ नको, मी हाय." पुडी त्याने उघडलीसुद्धा नाही, रुमालात बांधून घेतली. दिवसभर माझ्या दारात खुर्ची टाकून बसला होता. दोनदा चहा केला. मशीन चालवायला आज हाताला त्रास म्हणून झाला नाही.

१० एप्रिल, मंगळवार

तीन दिवस! सकाळी प्रेमाला शेजारणीकडे सोडतो आणि इथे येतो. काल मी मुगाची आमटी केली होती, बोटं चाटून खाल्ली. जुन्या मास्तरांची नक्कल केली. मी हसले तर म्हणाला, "चंदे, तू हसतीस बरी गो." मंगळू माठ भरायला आला तेव्हा जगनला बघून जरा थबकला. जगनने स्वतः उठून त्याच्या हातून हंडा घेतला आणि माठात ओतला.

देवा, ते पुड्या टाकणारं माणूस आणखी महिनाभर तरी सापडू नये.

११ एप्रिल, बुधवार

सगळं मातीला मिळालं.

प्रेमा स्वतः आली, जगन मागे. तिच्या हातात रुमाल. शिवणाच्या टेबलावर, माझ्या कापलेल्या कापडावर तिने ती मासळी ओतली. "हे काय आहे, चंदा?"

"मासळी."

"ही मांदेली आहे. खाडीची. राख फासलीस म्हणून मला कळणार नाही? रोज खाते मी. मला नि काळूला आलेली ओढ्यातली होती." मग जगनकडे वळली. "आता कळलं? सगळ्या पुड्या हिच्याच. आणि काळूच्या दुकानासमोर दिवसभर कोण बसतं?"

मी जगनकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मांदेलीकडे बघत राहिला. "का गो, चंदे?" एवढंच बोलला. फक्त ही एकच माझी, बाकीच्या नाहीत, असं मी म्हणत होते. पण कुणी ऐकलं नाही. त्याला बसायला हवं होतं म्हणून केलं, हे तर तोंडातून निघेना. प्रेमासमोर? मेले तरी नाही.

पोलिसात जाणार नाहीत. गेले तर चौघांचं निघेल. "पण आमच्या दारात पाय ठेवू नको," असं ती म्हणाली. टेबलावर शेजारणीचं नवंकोरं कापड मासळीच्या वासाने वाया गेलं.

२६ एप्रिल, गुरुवार

पंधरा दिवस काही लिहिलं नाही. जगनची जीप पुन्हा रोज आसनगावला जाते. प्रेमा शेजारणीकडे जात नाही, घरी एकटी असते, दार उघडं टाकून. का नाही टाकणार? त्यांचा चोर त्यांना सापडलाय ना.

आज अक्षय्य तृतीया. मंगळू सोडून उंबऱ्यावर कुणी आलं नाही.

३ मे, गुरुवार, दुपारी

हे लिहून टाकते. नंतर लिहिता येईल की नाही ठाऊक नाही.

सकाळी दहाला मंगळूने माठ भरला आणि कमरेची पुडी सोडून माझ्यापुढे ठेवली. "करवंदं हायती, ताई. तुमच्यासाठी. आज प्रेमाबाईकडं शेवटली खेप, मंग मी गावाला जानार."

वडाची पानं. आपट्याच्या सालीची दोरी. तीच गाठ, काळूरामने माझ्या हातात दिली होती ती.

तो निघून गेला विहिरीकडे. मी पुडीकडे बघत बसले. सगळं एकदम लागलं डोक्यात. नावं मीच दिली, घर मीच दाखवलं. काळूरामचा माठही त्यानेच भरला होता. आणि मला का नाही, तेही कळलं. मीच सांगितलं होतं ना, मला पाण्यात उतरू दिलं नाही म्हणून. त्याच्या लेखी मी बिचारी.

मग जे केलं तेही लिहिते. मी उठले नाही. कात्री घेतली आणि बाही कापायला बसले. मनात साधा विचार चालला होता. जगन दिवसभर आसनगावला, पाणी तिकडच्या टपरीवर पितो. भूमिका मुरबाडला. घरात प्रेमा एकटी. मी काही करायचं नाही, फक्त बसून राहायचं. एक बाही कापली. दुसरी कापली. जुळवून बघितल्या तर दोन्ही डाव्या.

तेव्हा उठले. चप्पलही घातली नाही.

प्रेमाच्या आळीच्या तोंडाशी मंगळू भेटला, खांद्यावर कावड. मी आडवी उभी राहिले. "ठकी तुझी कोण?"

त्याने कावड खाली ठेवली. एक थेंब सांडू न देता ठेवली. "आय. नि संगती बारकी, माजी भैन. बा म्हनायचा, पटकी नव्हती, वरनं डोहातनं औषध आलं व्हतं. तुमी घरला जावा, ताई. तुमचं यात काय नाय."

"आहे," म्हटलं. "फांदी माझ्या हातात होती."

त्याला कळेना. मग मी सांगितलं, वीस वर्षांत कुणालाच न सांगितलेलं. वाटेवर उन्हात उभी होते. वर बघितलं तर जगनने स्वतःचा टॉवेल ओला करून प्रेमाच्या डोक्यावर घातला, तिला ऊन लागू नये म्हणून. मी तिथेच बसले आणि हातातल्या फांदीचं एकेक पान ओरबाडलं. काडी राहिली, ती फेकून दिली. तुझी आई आली, कडेवर पोर, डोक्यावर हंडा. तिने विचारलं, "पोरी, पानी बरं हाय ना गो?" आणखी एक शब्द बोलले असते तर रडू फुटलं असतं म्हणून मी नुसतं "हो" म्हटलं.

मंगळूने कावडीचा दांडा धरला, पुन्हा सोडला. मग म्हणाला, "मंग काळूरामाला म्यां..." आणि थांबला. "तुमी ह्ये आदी सांगायचं व्हतं, ताई."

"त्यांनी फांदी ठेवायला सांगितली होती. त्यांना वाटतं मी ठेवली. त्यांना सोड."

त्याने दोन्ही हंडे पायाने लवंडले. पाणी रस्त्याच्या धुळीत वाहत गेलं. कोपऱ्यावरची बाई ओरडली, मे महिन्यात पाणी सांडतोस मेल्या! त्याने तिकडे बघितलंही नाही. मला एवढंच म्हणाला, "उद्यापून तुमच्याकडंच पानी घालीन. फकस्त तुमच्याकडं. घालीन तसं प्यायचं. नायतर पोलिसात जा नि समदं सांगा."

पोलिसात गेले तर फांदीचं निघेल. जगनला कळेल. मेलेल्या मासळीपेक्षा मला त्याचंच भय जास्त.

प्रेमा दारात केस पुसत उभी होती. मला बघून तिने दार लावून घेतलं.

१० मे, गुरुवार

सात दिवस झाले. रोज सकाळी येतो, माठ भरतो. मी विचारते, बरं आहे ना पाणी? तो हो म्हणतो. मग उंबऱ्यावर टेकतो आणि मी पेलाभर पिईपर्यंत उठत नाही. पूर्वी ऐकायला बसायचा, आता बघायला बसतो. पहिल्या दिवशी पेला दातांवर वाजत होता. आता वाजत नाही. घालेल की नाही हे त्यालाही ठरवता येत नसावं. काल त्याचे डोळे भरले होते.

१६ मे, बुधवार

आज मंगळू माठ भरून टेकला नाही. पाणी बरं आहे का विचारलं, तर हो म्हणालाच नाही. कावड उचलून चालता झाला. मी माठावर झाकण ठेवलं, अजून प्यायले नव्हते.

भर दुपारी जीप दारात उभी राहिली. आत प्रेमा, डोक्यावर पदर घेऊन. जगन उतरला, एकटा गाळ्यात आला, खुर्ची ओढून बसला. घामाने निथळत होता. खूप वेळ मशीनच्या चाकावर बोट फिरवत राहिला.

"चंदे, मी लई इचार केला," म्हणाला. "तू काळूला मारशील असं माजं मन घेत नाय. ती पुडी तू कशापायी केलीस ते बी मला समजलं. मी काय एवढा येडा नाय गो. प्रेमाला म्हटलं, ती आपली हाय, तिला तोडायची नाय. तिला बी पटवून आनलंय."

इतकी वर्षं जे ऐकायला जीव टाकत होते ते तो समोर बसून बोलत होता, आणि प्रेमा बाहेर उन्हात जीपमध्ये वाट बघत होती. मला रडू यायला लागलं.

"रडू नको गो. आधी पानी दे, घसा सुकलाय," म्हणत तो उठला, झाकण काढलं, सवयीने स्वतःच पेला बुडवला.

मी त्याच्या हातावर फटका मारला. पेला भिंतीवर जाऊन आपटला. मग माठच ढकलून दिला. फुटला. पाणी त्याच्या पायांवरून, कापडांवरून उंबऱ्याबाहेर गेलं.

"माझ्या घरचं पाणी तुला नाही," मी म्हटलं. "जा. तिच्या घरी जाऊन पी."

जगन बघत राहिला. मांदेलीच्या दिवशी त्याच्या तोंडावर नुसतं दुःख होतं. आज किळस होती. तहानलेल्या माणसाच्या हातातलं पाणी पाडणारी बाई त्याने याआधी बघितली नसेल. "प्रेमा खरं बोलत व्हती," एवढं म्हणून तो ओल्या पायांनी बाहेर गेला. जीप सुरू झाली. प्रेमाने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मग आपल्या पदराने त्याचं तोंड पुसलं.

तिला आज मी काही म्हणत नाही. पुसू दे.

पाण्यात काही होतं की नव्हतं, आता कळायचं नाही. फरशी वाळली. खापऱ्या गोळा करून ठेवल्यात. उद्या मंगळू आला तर त्याला हंड्यात ओतायला सांगेन.